कॉमिक्सच्या कालखंडांच्या सीमा कशा आखाव्यात : खानदेशातील संग्राहकांसाठी

भुसावळसारखे मोठे जंक्शन जवळ आणि मध्य प्रदेशाची हद्दही फार दूर नाही, त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांतील पत्र्याच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल, अमर चित्रकथा आणि हिंदी कॉमिक्स बहुधा एकत्रच सापडतात. अशी ट्रंक उघडली की सर्वांत आधी किमतीची चौकशी होते. मात्र त्याआधी हा ढीग कोणत्या कालखंडांत वाटायचा आणि एक कालखंड संपून दुसरा नेमका कोठे सुरू झाला असे मानायचे, हे ठरवावे लागते. या कामासाठी तयार तक्ता उचलून आणण्याऐवजी, तो तक्ता ज्यांनी बनवला त्यांनी सीमा कशा ठरवल्या हे पाहणे अधिक उपयोगी पडते.

हा तक्ता अमेरिकन संग्राहकांचा असून त्यात सुवर्णयुग, रौप्ययुग आणि कांस्ययुग असे कालखंड पाडलेले आहेत. ते सुवर्णयुगाचा प्रारंभ ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकापासून, म्हणजे सुपरमॅनच्या आगमनापासून धरतात. त्या अंकावर जून 1938 असे छापलेले असले तरी तो विक्रीला एप्रिलमध्येच आला होता. तेथे मुखपृष्ठावर विक्रीच्या पुढचा एखादा महिना छापण्याची पद्धत होती. म्हणून पहिला नियम असा, की आपण छापील महिना धरणार की विक्रीचा, हे नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे आणि मध्येच बदलू नये. रौप्ययुगाची सुरुवात ऑक्टोबर 1956 च्या ‘शोकेस’ क्रमांक 4 पासून, म्हणजे फ्लॅश या जुन्या सुपरहीरोच्या नव्या रूपापासून, मानली जाते. मंगळावरचा गुप्तहेर हा नवा सुपरहीरो मात्र नोव्हेंबर 1955 मध्येच ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 225 व्या अंकात अवतरला होता. मग मान फ्लॅशलाच का? कारण त्याच्यामागोमाग जुन्या नायकांना नवे रूप देण्याची लाट आली, आणि मंगळवासीयामागे तशी लाट आली नाही. आधी कोण आले यापेक्षा कोणामुळे आजूबाजूचे बदलले, यावर येथे निर्णय झाला आहे.

सुवर्णयुगाचा शेवट मात्र असा एका अंकावर दाखवता येत नाही. महायुद्धानंतर सुपरहीरोंचा खप घसरत गेला, गुन्हेगारी आणि भयकथांचे अंक वाढले आणि 1954 मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड या नियमावलीची बंधने घालून घेतली. या मधल्या वर्षांना काही संग्राहक वेगळे नाव देतात, तर काही ती मोकळीच सोडतात. माझ्या मते मोकळी सोडणेच प्रामाणिकपणाचे आहे, कारण एका युगाचा शेवट दुसऱ्याच्या प्रारंभाला चिकटलाच पाहिजे असा कोठेही दंडक नाही.

सीमा आखण्याची खरी परीक्षा कांस्ययुगाच्या वेळी होते, कारण तेथे दावेदार अनेक आहेत. एप्रिल 1970 च्या ‘ग्रीन लँटर्न’ क्रमांक 76 मध्ये ग्रीन अ‍ॅरोला सोबत घेऊन वर्णद्वेष आणि गरिबी हे विषय थेट कथेत आणले गेले. त्याच वर्षी चित्रकार जॅक कर्बी मार्व्हल ही प्रकाशनसंस्था सोडून तिच्या प्रतिस्पर्धी डीसीकडे गेले आणि ऑक्टोबरमध्ये कॉनन या रानटी योद्ध्याच्या मालिकेचा पहिला अंक निघाला. 1971 मध्ये ‘स्पायडर-मॅन’चे 96 ते 98 हे अंमली पदार्थांविषयीचे अंक कोडच्या शिक्क्याविना बाजारात आले आणि त्याच वर्षी कोडच शिथिल झाला. काही जण तर त्याच मालिकेच्या जून 1973 च्या 121 व्या अंकापर्यंत, नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्या मृत्यूपर्यंत, थांबतात. अशा वेळी प्रत्येक दावेदाराला तीन प्रश्न विचारावेत : ही घटना बदलाचे कारण आहे की आधीच झालेल्या बदलाची खूण? तिचा परिणाम दुसऱ्या प्रकाशकांपर्यंत पोहोचला का? आणि ती न घडती तरी सीमा तेथेच पडली असती का? ग्वेनचा मृत्यू पहिल्याच प्रश्नावर मागे पडतो. तो वाचकांच्या मनाला कितीही लागलेला असो, तोपर्यंत वारे फिरून गेले होते. म्हणून 1970 ते 1971 असा पट्टा धरणे मला एका अंकावर बोट ठेवण्यापेक्षा योग्य वाटते.

हीच फूटपट्टी आपल्या ट्रंकेला लावताना एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो. मार्च 1964 मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आणि मँड्रेक यांच्या कथा मूळच्या अमेरिकन वृत्तपत्रांतील चित्रपट्ट्या होत्या. मँड्रेकची पट्टी 1934 मध्ये आणि वेताळाची 1936 मध्ये सुरू झाली होती. त्यामुळे कथा एका काळातली आणि अंक दुसऱ्या काळातला, असे वारंवार घडते. अमेरिकन युगांची नावे येथे चिकटवण्याचा मोह टाळावा. कालखंड अंकाच्या प्रकाशनावरून ठरवावा आणि कथेच्या मूळ काळासाठी वेगळा रकाना ठेवावा.

इंद्रजालची पहिली ठळक सीमा मी 1976 मध्ये मानतो, कारण त्या वर्षी आबिद सुरती यांचा बहादूर आला आणि बाहेरून आणलेल्या नायकांच्या शेजारी चंबळच्या डाकूंशी झुंजणारा, नागरिक सुरक्षा दल उभारणारा देशी नायक बसला. दुसऱ्या प्रकाशकांची कसोटीही येथे लागू पडते, कारण 1978 मध्ये डायमंड कॉमिक्स ही प्रकाशनसंस्था सुरू झाल्यावर देशी पात्रांचा ओघ वाढला. म्हणून 1976 ते 1978 हा पट्टा धरावा. अनुक्रमांक सोडून खंड आणि अंक अशी नोंद सुरू झाली, तो 1983 चा बदल शोधाशोधीला फार उपयोगी आहे, पण त्याला सीमा मानू नये, कारण तो प्रकाशकाच्या हिशेबाचा भाग आहे. 1986 मध्ये हिंदीतले राज कॉमिक्स आले आणि 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडले, तेव्हा दुसरी सीमा या चार वर्षांत कोठेतरी पडते. केवळ मराठी अंक जमवणाऱ्याने ती सरळ 1990 वर ठेवावी. हिंदीही जमवणाऱ्याने ती 1986 कडे ओढावी. क्रमांकांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी : संपामुळे इंद्रजालचे 123 आणि 124 हे अंक निघालेच नाहीत, त्यामुळे ते शोधत रद्दीची दुकाने पालथी घालू नयेत.

अमर चित्रकथेच्या बाबतीत क्रमांकावर विसंबणे धोक्याचे आहे. ‘कृष्ण’ मुळात 11 व्या क्रमांकाचा होता आणि नंतरच्या मालिकेत तोच 501 झाला. शिवाय ही पुस्तके वर्षानुवर्षे पुन्हा छापली गेली आहेत. येथे आतील पानाच्या तळाशी असलेली बारीक टायपातली मुद्रणाची ओळ, छापील किंमत आणि मलपृष्ठावरील इतर पुस्तकांची यादी एकत्र पाहावी. यादीत नंतरचे एखादे शीर्षक दिसले, तर हातातली प्रत त्यानंतरची आहे हे निश्चित होते. मुद्रणाच्या ओळीवरच एखाद्या भाड्याच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का बसलेला असेल, तर पान खिडकीकडे तिरके धरून पाहावे. शाई फिकी पडलेली असते आणि खालची छपाई पुष्कळदा वाचता येते.

कागदाच्या पिवळेपणावरून मात्र काळ कधीही ठरवू नये. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली राहिलेला 1988 चा अंक, थंड भिंतीच्या कपाटात राहिलेल्या 1970 च्या अंकापेक्षा जुनाट दिसतो, आणि गंजलेल्या पिनांचेही तसेच आहे.

सीमेवरच्या पट्ट्यात पडणारे अंक कोणत्याही एका गठ्ठ्यात कोंबू नयेत. त्यांचा स्वतंत्र गठ्ठा करावा आणि वरच्या चिठ्ठीवर पट्ट्याची दोन्ही वर्षे व तो तेथे का मानला याचे कारण एका ओळीत लिहावे. विकणाऱ्याने ‘सुवर्णयुगातील’ असे सांगून भाव वाढवला, तर त्यालाही हेच कारण विचारावे. ते सांगता आले नाही, तर भाव अंकाच्या क्रमांकावर, आवृत्तीवर आणि अवस्थेवरच ठरवावा.