इंड एएसकडे जाताना: कंपनीची तयारीची यादी

आधी कॅलेंडर काढा. शेअर बाजारात नसलेल्या (अनलिस्टेड) कंपनीची नेटवर्थ, म्हणजे भांडवल आणि साठलेला नफा मिळून रक्कम, २५० कोटींना पोचली की जुनी लेखामानकं सुटतात आणि इंड एएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय धर्तीची नवी भारतीय लेखामानकं, लागू होतात. समजा ३१ मार्च २०२६ ला तुम्ही पहिल्यांदा हा आकडा गाठलात. मग २०२६-२७ चे हिशेब नव्या मानकांनुसार, शेजारच्या रकान्यातले २०२५-२६ चे आकडेही तसेच, म्हणजे सुरुवातीचा ताळेबंद थेट १ एप्रिल २०२५ चा. नियम लागू झाल्याचं कळतं तेव्हा ती तारीख केव्हाच मागे पडलेली असते. त्या दिवशीचे अंदाज नंतर कळलेल्या गोष्टींवरून बदलता येत नाहीत, म्हणून त्या वेळची येणी-यादी, व्याजदर, वकिलांची पत्रं आजच एका फोल्डरमध्ये गोळा करा. होल्डिंग कंपनी आणि उपकंपन्यांनाही तेच लागू होतं, तेव्हा त्यांच्या अकाउंटंटना पहिल्याच बैठकीला बोलवा. एसएमई एक्स्चेंजवरच्या, म्हणजे लहान कंपन्यांसाठीच्या शेअर बाजारातल्या, कंपनीला केवळ लिस्टिंगमुळे हे लागू होत नाही. मुख्य बोर्डावर जायचं ठरलं की मात्र सुटका नाही. आणि एकदा आत आलात की पुढे नेटवर्थ घसरली तरी परतीची वाट बंद.

हे काम फक्त अकाउंट्सवर ढकलू नका. लागणारे निम्मे कागद परचेस, एचआर आणि ॲडमिनच्या कपाटात असतात.

सर्वांत जास्त वेळ भाड्याच्या करारांना द्या. चाकणच्या एखाद्या पुरवठादाराने पाच वर्षांसाठी शेड घेतली, भाडं महिन्याला २ लाख, असं धरू. आजवर वर्षाचे २४ लाख खर्चात पडले की विषय संपायचा. भाडेकरारांच्या इंड एएस ११६ मध्ये पुढच्या साठही हप्त्यांची आजची किंमत काढावी लागते. महिनाअखेर भाडं आणि ९ टक्के दर धरला तर ती साधारण ९६ लाख ३५ हजार भरते. तेवढी मालमत्ता एका बाजूला, तेवढंच देणं दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्षी घसारा १९ लाख २७ हजार आणि व्याज ८ लाखांच्या आसपास, म्हणजे २४ च्या जागी सव्वासत्तावीस लाखांचा बोजा. शेवटच्या वर्षांत तो २४ च्या खाली येतो. पाच वर्षांची बेरीज तीच. म्हणून प्रत्येक करार वाचा: मुदत किती, वाढवायचा हक्क कोणाकडे, लॉक-इन (ज्या काळात करार सोडता येत नाही) किती, भाड्यात देखभालीचे पैसे मिसळलेत का. बारा महिन्यांच्या आतले आणि किरकोळ किमतीच्या वस्तूंचे करार बाजूला ठेवता येतात, पण दरवर्षी अकरा महिन्यांचा कागद करून दहा वर्षं तिथेच बसलेल्या गोदामाबद्दल ऑडिटर प्रश्न विचारणारच, आणि विचारावाच. एमआयडीसीचा ९५ वर्षांच्या पट्ट्यावरचा प्लॉटही याच यादीत येतो. प्रीमियम आधीच भरलेला असल्याने देणं जवळपास शून्य, पण ताळेबंदात तो वेगळ्या नावाखाली दिसतो. घरमालकाकडची बिनव्याजी अनामतही आजच्या किमतीत आणावी लागते, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही.

मग बँक. भाड्याचं देणं कर्जात धरलं तर कर्ज-भांडवल गुणोत्तर बिघडतं, उलट एबिटा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) फुगतो, कारण भाडं त्याच्या वरून निघून खाली जातं. बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्रातल्या (सँक्शन लेटर) अटी कोणत्या मानकांवर मोजायच्या, हे नूतनीकरणाआधी लेखी घ्या. रिकोर्ससह, म्हणजे ग्राहकाने पैसे न दिल्यास बँक तुमच्याकडून वसूल करेल अशा अटीवर, डिस्काउंट केलेली बिलंही येण्यांतून उतरवता येत नाहीत, समोर कर्ज उभं राहतं.

येण्यांसाठी ‘सहा महिने झाले, आता बघू’ हे धोरण चालणार नाही. इंड एएस १०९ अपेक्षित नुकसान विचारतं, आजच्या तारखेच्या बिलावरसुद्धा. मागच्या तीन-चार वर्षांची वसुली वयोगटांनुसार मांडा आणि त्यावरून टक्केवारी ठरवा. विक्रीत इंड एएस ११५ साठी मार्केटिंगला दोनच गोष्टी विचारा: मागच्या तारखेपासून भाव कमी करण्याची बोलणी कुठे चालू आहेत, आणि ग्राहकाच्या पैशाने बनवलेल्या डायची (साच्याची) मालकी कोणाची. ग्रॅच्युइटीचं देणं मोजणाऱ्या तज्ज्ञाला (ॲक्च्युअरी) जुन्या तारखांचेही अहवाल मागा.

यंत्रं आणि इमारतींच्या बाबतीत इंड एएस १०१ ने सवलत दिली आहे: जुन्या पुस्तकातली किंमत तशीच पुढे नेता येते, पण नेलीत तर सगळ्या स्थिर मालमत्तेची, निवडक नाही. जमिनीचं मूल्य वाढवून ताळेबंद देखणा करण्याचा मोह मालकांना होतो. माझ्या मते खरी गरज नसेल तर त्या फंदात पडू नये. त्यामागोमाग डिफर्ड टॅक्स (पुढे भरायच्या कराची तरतूद) येतो आणि प्रश्नही.

जुन्या आणि नव्या आकड्यांतला फरक दाखवणारा ताळमेळ टिपांमध्ये छापावा लागतो, म्हणून प्रत्येक नोंदीची स्वतंत्र कार्यपत्रिका ठेवा. जीएसटी आणि टीडीएस मात्र मूळ बिलांवरच चालतात, तेव्हा टॅलीतली मूळ पुस्तकं न हलवता इंड एएसच्या नोंदी वेगळ्या व्हाउचर प्रकारात घाला. सुरुवातीचा ताळेबंद दिवाळीपूर्वी ऑडिटरकडून तपासून घ्या. मार्च जवळ आला की त्यांच्याकडची अनुभवी माणसं मोठ्या ग्राहकांकडे गेलेली असतात.