कॅलिफोर्नियात असोसिएशनची नियमदुरुस्ती मतांअभावी अडली, तर

समजा, १२० घरांच्या होमओनर्स असोसिएशनला (वसाहतीतल्या घरमालकांच्या संस्थेला) डिक्लेरेशन, म्हणजे वसाहतीचे नोंदवलेले मूळ नियम, बदलायला दोन तृतीयांश, म्हणजे ८० मतं लागतात आणि ६६ वरच गाडी अडते. विरोध फारसा नसतो, मतपत्रिकांची पाकिटंच परत येत नाहीत. अशा वेळी कॅलिफोर्निया सिव्हिल कोडच्या कलम ४२७५ नुसार काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सुपीरियर कोर्टात अर्ज करून मतांची अट कमी करून घेता येते. अर्ज असोसिएशन करू शकते, तसाच एखादा घरमालकही.

मात्र एकूण मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं बाजूने हवीतच. एकूण मतांपैकी, पडलेल्या मतांपैकी नव्हे. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. १२० घरांत किमान ६१. ५८ मतांवर वकिलाची फी खर्च करू नका, आधी दारोदार फिरा.

खरी तयारी मतदानाच्या वेळीच होते. सगळ्यांना मतदानाची वाजवी संधी दिली का, हे कोर्ट पाहतं. म्हणून गुप्त मतपत्रिका मुदतीच्या किमान ३० दिवस आधी पाठवा आणि प्रत्येक स्मरणपत्र, ईमेल, मुदतवाढ तारखेसह जपून ठेवा. अर्जाला नियमांची प्रत, दुरुस्तीचा पूर्ण मसुदा, पाठवलेल्या सूचना आणि बदलाचं कारण जोडा. सुनावणीची लेखी सूचना सर्व सभासदांना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. दुरुस्ती वाजवी नसेल, किंवा गृहकर्ज देणाऱ्याच्या तारणाला त्याच्या संमतीशिवाय धक्का लागत असेल, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

आदेश मिळाला की तो दुरुस्तीसह काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे मालमत्तेची कागदपत्रं नोंदवणाऱ्या कार्यालयात, नोंदवा. नोंदीशिवाय दुरुस्ती लागू होत नाही. मग प्रत्येक सभासदाला प्रत पाठवा.