घड्याळ बाजूला ठेवा, डोनटला बोट लावा

यीस्टच्या डोनटची बहुतेक कृती वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘कापलेले डोनट झाकून एक तास ठेवा.’ या वाक्याचं ऐकून मी दोनदा सगळा घाणा फुकट घालवला आहे. बाकी सगळं सोपं आहे. ज्याला पुऱ्या तळता येतात आणि कणीक तिंबता येते, त्याला डोनट येतातच. अडतं ते त्या एका तासात, म्हणून बाकीचं भराभर सांगते.

नऊ-दहा डोनटसाठी ३०० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (दीड छोटा चमचा), ४० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, १ अंडं, १५० मिली कोमट दूध आणि ४५ ग्रॅम मऊ बटर. बटर खारं असेल तर मीठ थोडं कमी. अंडं नको असेल तर दूध आणखी तीन मोठे चमचे आणि त्यात एक मोठा चमचा दूध पावडर. पोत जरा साधा येतो, पण चालतो. यीस्टऐवजी सोडा किंवा बेकिंग पावडर घातलेला डोनट हा वेगळाच, केकच्या जातीचा पदार्थ आहे. तो वाईट नाही, पण आपण करतोय तो हा नव्हे.

दूध करंगळीला सहज सोसेल इतकंच कोमट हवं. ५५ अंशांच्या वर गेलं की यीस्ट मरतं, आणि मेलेलं यीस्ट कितीही साखर घातली तरी उठत नाही. पाकीट जुनं असेल तर दुधात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर पाकीट फेकून द्या, मैदा वाया घालवू नका.

बटर सोडून सगळं एकत्र करून मळा, मग बटर थोडं थोडं घालत दहा-बारा मिनिटं तिंबा. मधे एकदा पीठ परातीला, बोटांना, बांगड्यांना सगळीकडे चिकटेल. तेव्हा वरून मैदा भुरभुरायचा मोह आवरा. तिंबत राहिलात की पाच मिनिटांत तेच पीठ हात सोडतं. छोटा तुकडा दोन्ही हातांनी ताणला तर न फाटता पातळ पडदा व्हायला हवा. मग तेलाचा हात लावून, झाकण घालून दुप्पट होईपर्यंत ठेवा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलंत तर आणखी बरं, कारण गार पीठ लाटायला आणि कापायला सोपं जातं.

अर्ध्या इंचाहून किंचित जाड लाटा. साच्यासाठी धावपळ नको: आठ सेंटिमीटरची स्टीलची वाटी किंवा डब्याचं झाकण, आणि भोकासाठी बाटलीचं बूच. भोक कशाला, असं कोणी विचारलं तर मेदूवड्याकडे बोट दाखवा. मधला भाग कच्चा राहू नये म्हणून. हॅन्सन ग्रेगरी नावाच्या अमेरिकन खलाशाने १८४७ साली डोनटला पहिलं भोक आपणच पाडलं असा दावा केला होता, त्याचंही कारण हेच.

आता तो तास.

पहिल्यांदा डोनट केले ते डिसेंबरात, पुण्यात, पुतणीच्या वाढदिवसाला. घड्याळ लावून बरोबर एक तास थांबले. स्वयंपाकघर गार होतं, डोनट कापले होते तसेच बसून होते, पण तास भरला म्हणून तळले. बाहेरून गडद तांबूस, कडेला फाटलेले आणि आत कच्चट, घट्ट पीठ. पोरांनी वरची साखर चाटून डोनट ताटलीत ठेवून दिले. दुसऱ्यांदा मे महिन्यात नागपूरला, मावशीकडे. तोच मैदा, तोच तास. झाकण काढलं तर फुग्यासारखे टम्म फुगलेले! मी खूश. उचलायला गेले तर हातातच फसकन बसले, तेलात पडल्यावर सुरकुतले आणि असे तेल प्यायले की पिळले असते तर वाटीभर निघालं असतं. मावशी म्हणाली, “अगं, इडलीचं पीठ तू घड्याळ बघून आंबवतेस का?”

तिथे डोक्यात उजेड पडला. इडलीचं पीठ किती तासांत येतं असं कुठल्याही आजीला विचारा, ती आधी ‘थंडी की उन्हाळा?’ असं उलट विचारेल. डोनटच्या कृतीत मात्र आपण मुकाट एक तास मानून बसतो. कापलेले डोनट माझ्याकडे मे महिन्यात पंचवीस मिनिटांत तयार होतात आणि डिसेंबरात सव्वा तास घेतात. तुमच्या ओट्यावर किती लागेल ते मी सांगू शकत नाही आणि कृती लिहिणाराही सांगू शकत नाही.

म्हणून बोट. मैद्यात बुडवलेल्या तर्जनीने डोनटच्या कडेला हलकेच दाबा, जेमतेम नखाएवढं. खळगी लगेच टुणकन भरून आली तर अजून वेळ आहे. सावकाश, आळसावल्यासारखी वर आली आणि थोडी खूण उरली तर तेल तापत ठेवा. खळगी भरलीच नाही, उलट आजूबाजूचं पीठही खचलं, तर उशीर झाला. झालाच उशीर तर डोनट तसेच तळू नका. सगळे गोळा करून हलक्या हाताने मळा, दहा मिनिटं थांबून पुन्हा लाटा, पुन्हा कापा. जरा चिवट होतील, पण खाल्ले जातील. तेल प्यायलेले कोणी खात नाही.

अंदाज नेमका हवा असेल तर आधी एकच डोनट तळून मोडून बघा. नीट फुगलेल्या डोनटच्या कमरेला फिकट पांढरट पट्टा दिसतो, कारण तो तेलावर उंच तरंगतो आणि मधला भाग तेलात बुडतच नाही. पट्टा नाही, डोनट खोल बसलाय, असं दिसलं तर बाकीच्यांना आणखी दहा मिनिटं द्या. हा एक डोनट बळी द्यायला लोक का कचरतात कळत नाही. चहाबरोबर तोही संपतोच.

याच टप्प्यावर तीन वाईट सल्ले मिळतात. पहिला, ‘ओलं फडकं टाका’. दुसऱ्या फुगवणीत ओलं फडकं डोनटला चिकटतं आणि उचलताना त्याची पाठ सोलून निघते. तेलाचा हात फिरवलेलं प्लास्टिक सैल पांघरा. दुसरा, ‘थंडीत यीस्ट दुप्पट घाला’. फुगतं लवकर, पण खाताना बिअरसारखा वास मारतो. त्यापेक्षा बंद मायक्रोव्हेवमध्ये उकळत्या पाण्याची वाटी ठेवा आणि शेजारी डोनट. ऊब मिळते, दमटपणामुळे वर पापुद्राही धरत नाही. मात्र मायक्रोव्हेव चालू करायचा नाही, आणि फार गरम जागा शोधायची नाही. ३५ अंशांच्या आसपास बटर वितळून पिठातून सुटायला लागतं.

तिसरा सल्ला म्हणजे ‘अलगद उचलून तेलात सोडा’. फुगलेला डोनट अलगद उचलणारा माणूस मी अजून पाहिला नाही. कितीही जपलं तरी बोटं रुततात आणि तासाभराची हवा क्षणात जाते. बटर पेपरचे हातभर नव्हे, दहा सेंटिमीटरचे चौकोन कापा आणि प्रत्येक डोनट कापल्याबरोबर आपापल्या चौकोनावर ठेवा. तळताना कागदासकट तेलात सरकवा. काही सेकंदांत कागद सुटतो, चिमट्याने काढून घ्या. हे कळल्यापासून माझा एकही डोनट वाकडा झालेला नाही.

आणखी एक, उन्हाळ्यासाठी. कढईत एका वेळी दोन-तीनच मावतात, म्हणजे दहा डोनट तळायला पंधरा मिनिटं सहज जातात, आणि तेवढ्यात ताटातले शेवटचे हाताबाहेर जातात. म्हणून कापल्याकापल्या अर्धे फ्रिजमध्ये ठेवा आणि पहिल्या अर्ध्यांची वेळ जवळ आली की बाहेर काढा.

तेल १७५ ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाची गोळी टाका. ती लगेच वर येऊन मिनिटाभरात सोनेरी व्हायला हवी, पंधरा सेकंदांत काळवंडली तर आच कमी करा. प्रत्येक बाजू साधारण एक मिनिट, एकदाच उलटायचं. झाऱ्याने तेल उडवायचं नाही, ही पुरी नाही.

ग्लेझला २०० ग्रॅम पिठीसाखर, तीन मोठे चमचे दूध, चिमूटभर मीठ, चार थेंब व्हॅनिला. घरी मिक्सरमध्ये साखर दळत असाल तर एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घालून दळा आणि बारीक चाळणीतून चाळा, नाहीतर दाताखाली कचकच लागते. डोनट तेलातून काढून एक-दोन मिनिटांनी, गरम असतानाच बुडवा आणि जाळीवर ठेवा. कडकडीत असताना बुडवला तर सगळं ओघळून जातं, गार झाल्यावर बुडवला तर वर खडूसारखा जाड थर बसतो. मधल्या वेळी तो काचेसारखा पातळ चढतो आणि वीस मिनिटांत सुकतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तो सुकणारच नाही, बोटं चिकट होणार, त्यावर उपाय नाही.

भोकांच्या गोळ्या सगळ्यात शेवटी तळा. त्या तेलात आपोआप गरगर फिरतात आणि ग्लेझपर्यंत क्वचितच पोचतात.