डूमची फाइल नेमकी कुठल्या व्हर्जनची, हे कसं ओळखायचं

डूम हा जुना गोळीबाराचा गेम दोन कॉम्प्युटर जोडून खेळायचा असेल, कुणाचा डेमो म्हणजे रेकॉर्ड केलेला खेळ बघायचा असेल, नाहीतर एखादा मोड म्हणजे लोकांनी गेममध्ये केलेला बदल टाकायचा असेल, तर व्हर्जन जुळलंच पाहिजे. नाही जुळलं की डेमो वेगळ्या व्हर्जनचा आहे असा मेसेज येतो आणि विषय तिथंच संपतो. आता व्हर्जन ओळखायचं कसं हे कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, सीडीचं कव्हर बघ, फाइलची तारीख बघ. हे दोन्ही सल्ले सोडून द्या. मी इकडं दारव्ह्याच्या भागात गावातल्या पोरांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो, बंद पडलेल्या क्लासच्या सीड्या, कुणाच्या काकाची जुनी हार्ड डिस्क असं लय काही हाताखालून गेलं, कव्हर एका गेमचं आणि आत सीडी दुसरीच हे तर नेहमीचं. तारखेचं म्हणाल तर कॉपी केली की ‘क्रिएटेड’ तारीख आजची पडते, आणि मोडिफाइड तारीख कुणीही बदलू शकतो, तिच्यावर काय भरोसा ठेवायचा.

पायरी १: सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करा, मूळ सीडीला हात लावू नका.

पायरी २: गेम सुरू करून मेनू बघा. डूम पहिल्यांदा आला १० डिसेंबर १९९३ ला, शेअरवेअर म्हणून, म्हणजे फुकट वाटायचा नमुना, त्यात एकच एपिसोड, ९ लेव्हल. मेनूत नावं तिन्ही एपिसोडची दिसतात पण दुसरा निवडला की पूर्ण गेम मागवा असं सांगतो. पैसे भरून घ्यायच्या रजिस्टर्ड व्हर्जनमध्ये ३ एपिसोड, २७ लेव्हल. १९९५ च्या अल्टिमेट डूममध्ये ४ एपिसोड, ३६ लेव्हल. अजून एक खूण आहे, पहिल्या एपिसोडच्या चौथ्या लेव्हलमध्ये एक जागा नाझींच्या चिन्हाच्या आकाराची होती, ती १.४ व्हर्जनपासून बदलली. तो आकार दिसला तर फाइल त्याच्या आधीची.

इथं एक धोका लक्षात ठेवा. गेम सुरू होताना वरच्या ओळीत ‘१.९’ असा आकडा येतो ना, तो गेम चालवणाऱ्या प्रोग्रामचा आकडा असतो. लेव्हल, चित्रं, आवाज हे सगळं असतं वेगळ्या फाइलमध्ये, जिला वॅड म्हणतात. १.९ चा प्रोग्राम आणि त्याच्या बाजूला १.८ ची वॅड ठेवली तरी स्क्रीनवर १.९ च दिसणार. वरून रजिस्टर्ड आणि अल्टिमेट दोन्ही १.९ च सांगतात. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

पायरी ३: वॅडचे बाइट मोजा. इथं मी स्वतः महिनाभर अडकलो होतो म्हणून सविस्तर सांगतो.

फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली की दोन ओळी दिसतात, ‘साइज’ आणि त्याच्याखाली ‘साइज ऑन डिस्क’. आपल्याला फक्त वरची पाहिजे, आणि तिच्यातला एमबीचा आकडाही नको, कंसातले पूर्ण बाइट पाहिजेत. मी खालची ओळ बघत होतो. अल्टिमेट डूमची वॅड असते १,२४,०८,२९२ बाइटची. माझ्या हार्ड डिस्कवर खालच्या ओळीत यायचं १,२४,१०,८८०, आणि तीच फाइल पेनड्राइव्हवर टाकली की १,२४,१९,०७२. मला वाटलं ही वेगवेगळी व्हर्जन आहेत, आणि त्या नादात चांगल्या दोन कॉपी मी डिलीट केल्या. खरं कारण साधं आहे, डिस्क जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांत देते, माझ्या हार्ड डिस्कवर तो तुकडा ४,०९६ बाइटचा आणि त्या पेनड्राइव्हवर १६,३८४ चा, शेवटचा तुकडा अर्धा रिकामा असला तरी पूर्णच धरला जातो. फाइल तीच, फक्त भांडं वेगळं.

बाकीचे आकडे वहीत लिहून ठेवा. शेअरवेअर १.९ म्हणजे ४१,९६,०२०. रजिस्टर्ड १.९ म्हणजे १,११,५९,८४०. डूम २ चं १.९ म्हणजे १,४६,०४,५८४. विंडोजमध्ये रीजन इंडिया असेल तर स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे पडतात आणि बाहेरच्या याद्यांमध्ये दर तीन आकड्यांनी, त्यानं गडबडू नका, स्वल्पविराम सोडून आकडे एकेक करून जुळवा.

पण बाइट जुळले म्हणजे झालं, असं मुळीच नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला, म्हणे, “दादा, साइज त बरोबर दाखवून रायला, मंग गेम काहून अटकून रायला?” विचारलं तेव्हा कळलं की क्लासच्या कॉम्प्युटरवर कॉपी चालू असताना लाइन गेली होती आणि तिथं इन्व्हर्टर नव्हता. विंडोज बऱ्याचदा कॉपी सुरू करतानाच पूर्ण फाइलची जागा धरून ठेवतं, आणि मग आत माल भरतं. मधेच लाइट गेली तर साइज पूर्ण दिसते आणि आत अर्धी फाइल रिकामी. आपल्याकडं लोडशेडिंग काही नवीन नाही, म्हणून हे तपासल्याशिवाय मी कुणालाच फाइल देत नाही.

यावर उपाय एकच, हॅश, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मालावरून काढलेला ओळखीचा आकडा. सेव्हन-झिप हा झिप फाइली उघडायचा प्रोग्राम टाकलेला असेल तर फाइलवर राइट क्लिक केल्यावर सीआरसी-एसएचए असा मेनू येतो, त्यातून एसएचए-१ किंवा एसएचए-२५६ काढा. फाइलमधला एक बाइट जरी वेगळा असला तरी हा आकडा पूर्ण बदलतो, आणि फाइलचं नाव, तारीख, डिस्क काहीही बदललं तरी तो तसाच राहतो. तो जाणकारांच्या यादीशी जुळवा, एका यादीवर विसंबू नका, दोन ठिकाणी बघा. आणि पहिले चार अन् शेवटचे चार अक्षरं जुळली म्हणून सोडून देऊ नका, दोन्ही हॅश नोटपॅडमध्ये खाली-वर चिकटवून पूर्ण बघा. कुठंच जुळला नाही तर फाइल खराब आहे नाहीतर कुणीतरी बदललेली आहे, तिला व्हर्जनचं नाव देऊच नका.

पायरी ४: दुसऱ्या गेमलाही हीच पद्धत, फक्त खुणा वेगळ्या. डॉसवरचा प्रिन्स ऑफ पर्शिया लय सोपा, खेळता खेळता कंट्रोल आणि व्ही दाबलं की व्हर्जन स्क्रीनवर येतं. चीटचा, म्हणजे गेम सोपा करायच्या युक्तीचा, शब्दही वेगळा आहे, १.० ला ‘मेगाहिट’ आणि १.३, १.४ ला ‘इम्प्रूव्ह्ड’, म्हणून तुमच्या मित्राचा चीट तुमच्याकडं चालत नाही. कॉम्प्युटरवर २००५ ला आलेल्या जीटीए सॅन अँड्रियासमध्ये मोड टाकणाऱ्यांना १.० च पाहिजे असतं, कारण नंतरच्या २.० मध्ये ते अडवलं, आणि स्टीमवरच्या कॉपीतून २०१४ च्या अपडेटमध्ये रेडिओवरची काही गाणीही काढली. तिथंही मुख्य प्रोग्राम फाइलचा हॅशच काढा.

पायरी ५: फोल्डरच्या नावातच गेम, व्हर्जन आणि बाइट लिहा, हॅश बाजूला एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. पॅच, म्हणजे गेमची फाइल बदलणारी दुरुस्ती, टाकायचा असेल तर या फोल्डरची वेगळी कॉपी करून त्या कॉपीवरच टाका, कारण पॅच एकदा बसला की आधीची फाइल परत मिळत नाही.