ब्लॉक फेसिंगनंतर टायमिंग चेनचा झोल: जोडणीपूर्वीची तयारी

टायमिंग चेनची (क्रँकशाफ्टवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीची) तयारी ब्लॉक फेसिंगसाठी, म्हणजे पृष्ठभाग यंत्रावर तासून सपाट करण्यासाठी, मशीन शॉपला देण्यापूर्वीच सुरू करावी, कारण किती धातू उतरला याची नोंद नसेल तर नंतर चेन ढिली दिसली तरी दोष कशाचा हे ठरवता येत नाही. प्रथम इंजिनाची रचना पाहावी. मारुतीच्या के-सिरीजसारख्या इंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्ये असतो, त्यामुळे ब्लॉकची वरची बाजू किंवा हेडची खालची बाजू फेस केली की कॅमचे चक्र (चेनचे दातेरी चाक) तेवढेच क्रँकच्या जवळ येते. ॲम्बेसेडरच्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनासारख्या जुन्या रचनेत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असतो. तेथे फेसिंगचा चेनवर काहीही परिणाम होत नाही, मात्र मेन बेअरिंगच्या कॅप घासून लाइन बोअरिंग (बेअरिंगची भोके एका रेषेत पुन्हा कोरणे) केले असेल तर क्रँक किंचित वर, कॅमच्या दिशेने, सरकतो. म्हणून हिंगणा एमआयडीसीत असो वा गावातल्या एखाद्या लहान शॉपमध्ये, काम देताना ब्लॉक, हेड आणि लाइन बोअरिंग या तिन्हींचे आकडे वेगवेगळे आणि बिलावर लिहून मागावेत. ‘थोडंसंच घेतलं’ हे उत्तर पुरेसे मानू नये.

आपलेही माप असावे. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची आणि हेडची जाडी काम देण्यापूर्वी व परत आल्यावर, त्याच ठिकाणी आणि त्याच उपकरणाने मोजावी. नागपुरात येथे उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये 45 अंश तापमान असते, तर मापाची उपकरणे 20 अंशांना प्रमाणित केलेली असतात. 300 मि.मी. लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग एवढ्या फरकात पोलादी कॅलिपरपेक्षा सुमारे 0.09 मि.मी. अधिक वाढतो. बिडाच्या ब्लॉकचे प्रसरण पोलादाच्या जवळपास असल्यामुळे तेथे ही चूक नगण्य राहते. ॲल्युमिनियम असेल तर दोन्ही मापे पहाटे, ब्लॉक रात्रभर सावलीत ठेवून घ्यावीत.

आता हिशेब. ब्लॉकचे 0.2 आणि हेडचे 0.1 असे 0.3 मि.मी. उतरले, तर चेनच्या दोन्ही बाजू मिळून साधारण 0.6 मि.मी. लांबी जास्तीची होते. याउलट 8 मि.मी. पिचची (लगतच्या दोन पिनांमधल्या अंतराची), 120 कड्यांची म्हणजे 960 मि.मी. लांब चेन केवळ अर्धा टक्का ताणली गेली असली तरी ती 4.8 मि.मी. वाढलेली असते. म्हणजे फेसिंगनंतर जो मोठा झोल दिसतो, तो बहुतेक वेळा जुन्या चेनचा असतो आणि ठपका मात्र मशीन शॉपवर येतो. त्यामुळे नवी चेन, दोन्ही चक्रे, गाइड (चेन जिच्यावरून सरकते ती पट्टी) आणि टेन्शनर (चेन ताठ ठेवणारा भाग) यांची खरेदी यादीत सर्वांत वर ठेवावी. चेनची कडी काढून झोल कमी करण्याचा विचारही करू नये. एक जोडी काढली की दोन पिच, म्हणजे येथे 16 मि.मी., कमी होतात.

टेन्शनरविषयी जरा सविस्तर. अर्ध्या मिलिमीटरच्या झोलासाठी प्लंजर (टेन्शनरचा चेनकडे सरकणारा दांडा) अर्धाच मिलिमीटर बाहेर येतो, हा समज चुकीचा आहे. 400 मि.मी. लांबीची ढिली बाजू मधोमध 20 मि.मी. दाबलेली असेल, तर आणखी 0.6 मि.मी. झोल खाण्यासाठी प्लंजरला जवळपास 3 मि.मी. पुढे यावे लागते. म्हणून नवी चेन बसवल्यावर प्लंजर किती बाहेर आला आहे ते मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावे. टेन्शनरच्या मागे वॉशर घालून चेन ताठ करण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही: सततच्या दाबाने गाइड झिजते आणि तिचे तुकडे ऑइल संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात) जातात. माप मर्यादेबाहेर असेल तर योग्य जाडीचे हेड गॅस्केट शोधावे. उतरलेल्या धातूइतके गॅस्केट जाड मिळाले, तर कॅम आणि क्रँकमधील अंतर पूर्ववत होते आणि प्रश्न मुळापासून सुटतो.

टेन्शनरने झोल खाल्ला तरी टायमिंग जागेवर येत नाही, हे अनेकदा नजरेआड होते. टेन्शनर ढिल्या बाजूवर असतो. ओढणाऱ्या बाजूची लांबी कमी झाल्यामुळे कॅम मागे पडतो. चक्राची पिच त्रिज्या 50 मि.मी. असेल तर 0.3 मि.मी. मुळे कॅम 0.34 अंश, म्हणजे क्रँकच्या मोजणीने सुमारे 0.7 अंश, उशिरा फिरतो. एवढा फरक बहुधा चालून जातो, पण पूर्वीही फेसिंग झालेल्या इंजिनात तो साचत जातो. त्यासाठी डिग्री व्हील (क्रँकचा कोन दाखवणारी चकती) आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) हाताशी ठेवावे आणि पिस्टन व व्हॉल्व्हमधील अंतरही त्याच बैठकीत तपासावे, कारण फेसिंगने तेही घटते.

ज्या इंजिनात टायमिंग कव्हरची वरची कड हेडखाली येते, तेथे कव्हर ब्लॉकला बोल्ट करूनच फेसिंगला पाठवावे, नाहीतर त्या सांध्यातून ऑइल गळते.

ब्लॉक परत आल्यावर ऑइलच्या वाहिन्या ब्रशने धुऊन हवेने साफ कराव्यात. हायड्रॉलिक टेन्शनरच्या बारीक छिद्रात लोखंडाचा एक कीस अडकला तरी तो निकामी होतो. खुणा जुळवून, टेन्शनर दाबून धरणारी पिन काढून, क्रँक नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि चक्रांवरच्या खुणा पुन्हा पाहाव्यात. चेनवरच्या रंगीत कड्या दोन फेऱ्यांत जुळल्या नाहीत तर घाबरू नये, त्यांना बरेच फेरे लागतात. शेवटी, पेट्रोल इंजिन असल्यास, स्पार्क प्लग काढून व इंधनपुरवठा बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, मगच इंजिन सुरू करावे. काही सेकंदांनंतरही चेनचा खडखडाट थांबला नाही तर लगेच बंद करून प्रथम टेन्शनरपर्यंत ऑइल पोहोचते का ते पाहावे.