परीक्षेचा ताण : पालकांनी आधी स्वतःला सावरावे

परीक्षेच्या दिवसांत अनेकदा मुलांपेक्षा पालकच अधिक धास्तावलेले असतात, आणि ‘अभ्यास झाला का?’ या दिवसातून दहादा विचारलेल्या प्रश्नातून ती धास्ती मुलांपर्यंत पोहोचते. हा प्रश्न दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी विचारावा; स्वतःची काळजी मुलासमोर न बोलता जोडीदाराजवळ किंवा मित्राजवळ मोकळी करावी.

सर्वांत मोठी तडजोड झोपेच्या बाबतीत होते आणि नेमकी तीच महागात पडते. 13 ते 18 वर्षे वयाच्या मुलांना रोज 8 ते 10 तासांची झोप लागते. वाचलेले स्मरणात पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असल्यामुळे, रात्रभर जागून केलेली उजळणी (पालकांना ती कितीही कौतुकास्पद वाटली तरी) फारशी टिकत नाही. त्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढण्याची सवय मुलाला लावावी.

छातीत धडधडू लागल्यास श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा, म्हणजे हृदयाची गती मंदावते. पेपर संपल्यावर उत्तरांची पडताळणी टाळावी. मात्र मूल जेवेनासे झाले, सतत रडू लागले किंवा जगणे नको असल्याचे बोलू लागले, तर परीक्षा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांची किंवा समुपदेशकांची मदत घ्यावी.