चालत्या डायनोसॉरला शिलाई मशीनचं तेल नको

टोमी या जपानी कंपनीच्या झोइड्ससारखा, सुटे प्लास्टिक भाग जोडून बनवायचा, चावीचा किंवा सेलवर चालणारा खेळण्यातला प्राणी जोडला, की पाय अडकले म्हणून आपला हात सवयीने शिलाई मशीनच्या तेलाकडे जातो. मीही तेच केलं होतं. आठवड्याभरात मांडीच्या सांध्याला केसाएवढी चीर, मग पायच हातात! काही प्लास्टिक, विशेषतः ताण असलेल्या जागी, अशा तेलाने तडकतं. त्याऐवजी प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस घ्या. दातपिनेच्या टोकावर मावेल तेवढंच, फक्त गिअरच्या दातांना आणि आसाला.

पण ग्रीसच्या आधी एक काम. गिअरबॉक्स बंद करण्यापूर्वी आस बोटांनी फिरवून पाहा. अडखळला, तर बहुतेक वेळा सांगाड्यातून (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्यातून) कापलेल्या भागाचा बारीक टवका उरलेला असतो. ६०० नंबरचा पाण्यातला पॉलिश पेपर त्यावर दोनदा हलकेच फिरवा. (बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी याला अजून 'काच कागद'च म्हणतात.)

रंगवणार असाल तर सांध्यांच्या खुंट्या आणि भोकं कोरीच ठेवा. रंगाच्या थराने पाय घट्ट होतात. आणि बडोद्याच्या पावसाळ्यात रंग चिकट राहतो, म्हणून पुढचा थर दुसऱ्या दिवशीच द्या.